यंत्र, कंपनी आणि आपली मते



आजच्या व्याख्यानाचा विषय मोठमोठ्या ग्रंथांतला नाही. तो चहाच्या टेबलावरचा, आगगाडीच्या डब्यातला, न्हाव्याच्या दुकानातला आहे. यंत्रे, बड्या कंपन्या, राजकारण आणि मारामारी या चार गोष्टींविषयी आपणां सर्वांची मते तयार असतात, आणि ती चार वाक्यांत सांगता येतात. पहिले वाक्य: ‘यंत्राचा काय दोष? वापरणारा वाईट.’ दुसरे: ‘राज्य खरे कंपन्यांचेच; सरकार नावाला.’ तिसरे: ‘राजकारण गलिच्छ, आपण त्यात पडू नये.’ आणि चौथे: ‘हाणल्याशिवाय यांना समजणार नाही.’ ही वाक्ये आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की ती कधी कसाला लावून पाहत नाही. आज ती लावून पाहू. कसोटीचा दगड मी फार लांबून आणलेला नाही; तो पुण्याच्या पश्चिमेला, मुळशी पेट्यात आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या धुरावर चालत होत्या. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस अडवून तो कड्यावरून कोकणात सोडावा आणि त्या पाण्याच्या जोरावर वीज निर्माण करावी, ही टाटांची कल्पना. १९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले. पुढे मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाशी धरण बांधण्याचे ठरले. कल्पना बुद्धीची होती, त्यात लोकांचा फायदाही होता, हे कबूल केले पाहिजे. परंतु पन्नासाच्या आसपास गावे, त्यांची भातखाचरे आणि देवळे पाण्याखाली जाणार होती. आणि मावळ्यांना त्याबद्दल कोणी विचारले नव्हते. १९२१ च्या रामनवमीस, म्हणजे १६ एप्रिलला, मावळे बायकापोरांसह धरणाच्या कामावर जाऊन बसले. काम काही काळ थांबले. पुढे सरकारने जमिनी संपादन केल्या, शेकडो माणसे तुरुंगात गेली, आणि १९२७ साली भिऱ्याचे वीजघर चालू झाले.

आता पहिले वाक्य घ्या. यंत्राचा दोष नसतो, हे चाकूच्या बाबतीत खरे आहे. चाकूने भाजी चिरावी की गळा, हे हातावर अवलंबून. परंतु धरण म्हणजे चाकू नव्हे. भिंत किती उंच बांधायची हे कागदावर ठरले, की कोणाचे घर बुडणार हेही त्याच क्षणी ठरते. मुळेचे पाणी स्वभावतः पूर्वेकडे, पुण्यावरून भीमेकडे जाणारे. ते वळवून सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात सोडले, की पूर्वेकडच्या माणसाच्या वाट्याचे पाणी कमी झाले. ते पाणी परत द्या ही मागणी आजही अधूनमधून होते. चालवणारा इंजिनिअर साधुपुरुष असला तरी यात फरक पडत नाही. निर्णय सिमेंटात ओतलेला असतो. आज आपल्या खिशातल्या फोनचेही तसेच आहे. घरपोच जेवण नेणाऱ्या मुलाला किती मिनिटे द्यायची, त्याचे खाते केव्हा बंद करायचे, हे कोणीतरी आधीच यंत्रात लिहून ठेवले आहे. म्हणून ‘यंत्र चांगले की वाईट’ हा प्रश्नच नव्हे. यंत्राचा आराखडा कोणी ठरवला आणि त्या वेळी कोणाला विचारले नाही, हा खरा प्रश्न होय.

दुसरे वाक्य: राज्य कंपन्यांचेच. या देशाला हे वाक्य पोथीतून शिकावे लागले नाही. १८१७ साली शनिवारवाड्यावर निशाण चढले ते एका व्यापारी कंपनीच्या फौजेने चढवले, आणि त्या कंपनीचे भागीदार लंडनमध्ये नफ्याची वाटणी घेत होते. तेव्हा वाक्यात तथ्य आहे. पण अर्धेच. ईस्ट इंडिया कंपनी पार्लमेंटच्या सनदेवर जगली, आणि १८५८ साली पार्लमेंटनेच तिचे राज्य काढून घेतले. मुळशीच्या जमिनी तरी टाटांनी स्वतःच्या बळावर घेतल्या काय? १८९४ च्या भूसंपादनाच्या कायद्यात कंपन्यांसाठी जमीन घेण्याचे एक स्वतंत्र प्रकरणच होते. कंपनीच्या हातातली काठी सरकारने दिलेली असते. ‘कंपनीच सर्व काही’ असे म्हणून आपण काठी देणाऱ्याला मोकळा सोडतो, आणि त्याला मत देणाऱ्या आपल्यालाही!

यावरूनच तिसऱ्या वाक्याचा निकाल लागतो. राजकारण गलिच्छ आहे म्हणून सभ्य माणसाने दूर राहावे, असे म्हणणारा मनुष्य १८९४ च्या कायद्याला मुकाट्याने मान्यता देत असतो. तो कायदा गेला कसा? १९७६ साली महाराष्ट्राने धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. २०१३ साली संसदेने भूसंपादनाचा नवा कायदा केला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी ऐंशी टक्क्यांची संमती हवी, असे त्यात लिहिले गेले. मावळ्यांना १९२१ साली हवा होता तो प्रश्न, ‘तुमची संमती आहे काय?’, कायद्यात शिरायला ब्याण्णव वर्षे लागली. त्या कायद्यातही पळवाटा आहेत. परंतु ते एक वाक्य आकाशातून पडले नाही. मोर्चे, अर्ज, निवडणुका, कोर्टकचेऱ्या आणि कंटाळवाण्या बैठका यांतूनच ते आले. गलिच्छ म्हणतात तेच हे राजकारण.

आता चौथे वाक्य, सर्वांत अवघड. इंग्लंडात १८११ साली नॉटिंगहॅमच्या विणकरांनी माग फोडण्यास सुरुवात केली. त्यांना यंत्राची भीती वाटत होती असे आपण म्हणतो, ते तितकेसे खरे नाही. मजुरी पाडून हलका माल काढणाऱ्या मालकांचे माग ते निवडून फोडत. ठरलेला दर देणाऱ्याचे बहुधा शाबूत राहत. १८१२ साली पार्लमेंटने माग फोडण्यास फाशीची शिक्षा ठरवली. कवी बायरनने त्याविरुद्ध भाषण केले, ते वाया गेले. त्याच वर्षी एका गिरणीमालकाचा रस्त्यात खून झाला, आणि १८१३ च्या जानेवारीत यॉर्क येथे सतरा जणांना फाशी दिले. लाकडाच्या मागासाठी माणसाचा जीव घेणारा कायदा हीदेखील हिंसाच होती. भोपाळला १९८४ च्या डिसेंबरमध्ये एका रात्रीत हजारो माणसे विषारी वायूने गेली. तेथे कोणी पिस्तूल उगारले नव्हते. तेव्हा हिंसा फक्त दगड मारणाराच करतो, हे मत मला मान्य नाही.

परंतु म्हणून दगड योग्य ठरतो काय? मुळशीचे सेनापती बापट यांच्याइतका निःस्वार्थी मनुष्य विरळा. सत्याग्रह मोडत चालला, सावकारांना नुकसानभरपाई गोड लागली, तेव्हा १९२४ च्या अखेरीस त्यांनी शस्त्र घेऊन कामावरची आगगाडी अडवली. ते पळाले नाहीत; सात वर्षांची शिक्षा त्यांनी ताठ मानेने घेतली. त्यांच्या धैर्याला नमस्कार करूनही एक प्रश्न विचारावा लागतो: त्या गाडीत होते कोण? टाटा नव्हते, गव्हर्नर नव्हते. पोटासाठी आलेली कामकरी माणसे होती. आणि धरण तर पुरे झालेच.

डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर एका आरोग्यविमा कंपनीच्या प्रमुखाला गोळ्या घालून मारण्यात आले. दावे नाकारले गेल्याने पोळलेल्या कित्येक लोकांनी त्यावर उघड समाधान व्यक्त केले. त्यांचा राग खोटा नव्हता. पण गोळीने विम्याच्या करारातले एक कलमही बदलले नाही. त्या खुर्चीवर दुसरा मनुष्य बसला. बापटांनी निदान स्वतःचे शरीर पणाला लावले होते. घरात बसून टाळी वाजवणारा काहीच पणाला लावत नाही. ‘हाणले पाहिजे’ हे वाक्य बहुधा तोच मनुष्य उच्चारतो, ज्याने ग्रामसभेत वा वॉर्डाच्या सभेत कधी तोंड उघडलेले नसते. मला धास्ती वाटते ती या टाळीची. तिच्यामुळे राग खर्ची पडतो आणि काम तसेच राहते.

मग आपण करावे काय? मते सोडून द्या, असे मी म्हणत नाही. मत हे नागरिकाचे भांडवल आहे. मात्र ते उच्चारण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. आराखडा कोणी ठरवला? त्याच्या हाती काठी कोणत्या कायद्याने दिली? आणि तो कायदा बदलण्याची जागा कोठे आहे? नवा रस्ता, नवा कारखाना, नवे ॲप, काहीही येवो. हे तीन प्रश्न पुरे होतात. मुळशीच्या तळ्याकाठी आज सुटीच्या दिवशी मोटारींची गर्दी असते. आपणही जाल. पाणी सुंदर आहे. त्याच्याखाली गावे आहेत एवढे मुलांना सांगा, आणि त्यांना विचारले नव्हते, हेही सांगा.