रुग्णालयाच्या कारभारात रुग्णाचा आवाज हवा

(रायपूरच्या तात्यापाऱ्यात रेल्वे व डाक कामगारांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



औषध नाही, डॉक्टर जागेवर नाहीत, अशी तक्रार आम्हा युनियनवाल्यांकडे रोज येते. आम्ही अर्ज देतो, साहेबांना भेटतो. एकाचे काम होते, दुसऱ्या दिवशी दुसरा येतो. कारण औषधे कोणती मागवायची, ओपीडीची वेळ काय ठेवायची, हे ठरते तेव्हा रुग्णाला कोणी विचारत नाही.

रुग्णाला यातले काय कळते, असे साहेब विचारतील. उत्तर आपल्याच रेल्वेमार्गावर आहे. ज्या दल्ली-राजहराचे लोहखनिज मालगाड्यांनी भिलाईला येते, तिथे जून १९७७ मध्ये गोळीबारात ११ जण शहीद झाले. पुढे युनियनच्या उपाध्यक्षा कुसुमबाई योग्य उपचाराअभावी बाळंतपणात दगावल्या. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली खाणकामगार नुसता निषेध करून थांबले नाहीत. त्यांनी १९८२ साली दवाखाना काढला आणि ३ जून १९८३ रोजी शहीद हॉस्पिटल उभे केले. वर्गणी कामगारांची, श्रमदानही त्यांचेच. खाणीत राबणारी माणसे शिकून आरोग्य कार्यकर्ते झाली. जुलाब झाले तर घरीच मीठ-साखरेचे पाणी द्या, गरज नसलेले इंजेक्शन मागू नका, हे त्यांनी वस्तीवस्तीत सांगितले.

सरकारी दवाखान्यातही हे जमते. महाराष्ट्रात २००७ साली अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनी आपल्या आरोग्य केंद्राचे प्रगतिपुस्तक भरले. जनसुनवाईत अधिकाऱ्यांना सर्वांसमोर उत्तरे द्यावी लागली.

डॉक्टरांशी आमचे भांडण नाही. औषधोपचार त्यांनीच ठरवावा. पण रोग काय, उपाय कोणते, धोका किती, हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगावे. रांग किती लांब, चिठ्ठीवरचे कोणते औषध बाहेरून घ्यावे लागले, हे मात्र रुग्णाइतके कोणाला ठाऊक?

म्हणून आमच्या मागण्या तीन. प्रत्येक दवाखान्यात रुग्णांची समिती हवी. तीत गँगमन, पोस्टमन, पेन्शनर आणि घरच्या बायकाही हव्यात. दर महिन्याला बैठक व्हावी. काय ठरले ते फलकावर लागावे.

आणि एक काम आपले. समिती मिळाली की खुर्ची रिकामी ठेवू नका. आपण गैरहजर राहिलो, तर जुनाच कारभार आपल्या सहीने चालेल.

कामगार एकजुटीचा विजय असो!