वाशिष्ठीच्या काठी

(कोजागरीच्या रात्री सोसायटीच्या गच्चीवर सभासदांपुढे केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून दिले आहे.)



दूध आटायला अजून अर्धा-पाऊण तास आहे, तेवढ्यात तुम्ही बोलून घ्या, असे सेक्रेटरींनी मला सांगितले आहे. म्हणजे माझी वेळमर्यादा पातेल्यावर आहे. रौप्यमहोत्सव आहे तर सोसायटीचा इतिहास सांगा, असा आग्रह होता. पण तो इतिहास मिनिट बुकात आहे, कपाट उघडे आहे, ज्याला हवा त्याने वाचावा. मी विषय मागून घेतला तो नदीचा. कारण आपल्यातले निम्म्याहून अधिक लोक बाहेरून आलेले आहेत. कोणी खेर्डीच्या किंवा लोट्याच्या एमआयडीसीत नोकरीला आले, कोणी कॉलेजात शिकवायला, कोणी अलोऱ्याच्या वसाहतीतून निवृत्त होऊन इथे फ्लॅट घेतला. यांना वाशिष्ठी दिसते ती बहादूरशेख नाक्याच्या पुलावरून जाता-येता, नाहीतर जिन्याखाली येऊन उभी राहते तेव्हा. मधली ओळख नाही. आणि येत्या सर्वसाधारण सभेत एक विषय आहे, त्यावर मत द्यायच्या आधी ही ओळख झालेली बरी. तो विषय शेवटी सांगतो.

आधी जागा समजून घेऊ. पूर्वेला सह्याद्रीची भिंत. कुंभार्ली घाटाचा माथा सहाशे मीटरच्या आसपास. आणि आपले चिपळूण समुद्रसपाटीपासून जेमतेम सात-आठ मीटर. घाटमाथ्यावर पडलेला थेंब थोड्याच किलोमीटरमध्ये एवढा खाली येतो, म्हणजे तो येत नाही, कोसळतो. इथून पुढे मात्र दाभोळच्या मुखापर्यंत नदीला सुमारे चाळीस किलोमीटर जायचे आहे आणि उतार जवळपास नाहीच. धावत आलेल्या माणसाला एकदम रांगेत उभे करावे तशी तिची अवस्था होते. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. दुसऱ्या बाजूने शिवनदी शहरातूनच येऊन तिला मिळते. बाजारपेठ, चिंचनाका, मुरादपूर, पेठमाप हा सगळा भाग या दोन नद्यांच्या कुशीत आहे. पाग, खेंड, कावीळतळीचे चढ चढून गेलात की सुटलात. जुन्या लोकांनी देवळे कुठे बांधली आणि बाजार कुठे मांडला हे पाहा. परशुराम डोंगरावर, विंध्यवासिनी रावतळ्याला डोंगराच्या कुशीत. बाजार मात्र खाली, पाण्याजवळ. देवाला पाणी नको होते, व्यापाऱ्याला हवे होते.

आता दुसरी गोष्ट, जी घाटावरून आलेल्या मंडळींना पटकन पटत नाही. आपली नदी दिवसातून दोनदा उलटी वाहते. भरतीचे पाणी दाभोळहून खाडीने गोवळकोटपर्यंत आणि त्याच्याही थोडे वर चढते, सुकतीला परत जाते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. हे आमच्या लहानपणी घरातल्या बायकांनाही तोंडपाठ असे, कारण पाहुणे कधी येणार आणि माल कधी उतरणार हे त्यावर ठरे.

कारण हे गाव बंदर होते. समुद्रापासून एवढे आत असलेले बंदर! मुखाशी दाभोळ. बहामनी आणि आदिलशाही काळात पश्चिम किनाऱ्यावरची फार मोठी पेठ ती. अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात तिथे येऊन गेला, आणि दाभोळला येणाऱ्या घोड्यांच्या व्यापाराबद्दल त्याने लिहून ठेवले आहे. १५०८ च्या डिसेंबरअखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने ते शहर जाळून लुटले. दाभोळच्या समोरच्या तीरावर अंजनवेलचा गोपाळगड. जाता जाता सांगतो, नव्वदच्या दशकात जगभर गाजलेला तो दाभोळ वीज प्रकल्प दाभोळला नाहीच, तो पलीकडे गुहागर तालुक्यात अंजनवेलला आहे. नाव एकाचे, गाव दुसऱ्याचे. कर्ज मंजूर करताना आम्ही अशा गोष्टी आधी तपासायचो.

खाडीने वर आलात की गोवळकोट, त्यालाच गोविंदगड म्हणतात. टेकडी लहान आहे, पण तिच्यावर उभे राहिले की गोवळकोटला नाक का म्हणायचे ते कळते. येणारी प्रत्येक होडी दिसते. शिवाजी महाराज, सिद्दी, आंग्रे, पेशवे, आणि १८१८ नंतर इंग्रज, असे सगळे या टेकडीसाठी झगडले, ते टेकडीच्या प्रेमापोटी नव्हे. १७२७ मध्ये सिद्दी साताने परशुरामाचे देऊळ लुटले, त्यानंतर ब्रह्मेंद्रस्वामी घाट चढून साताऱ्याजवळ धावडशीला जाऊन राहिले. पेशव्यांच्या जंजिऱ्याच्या मोहिमेमागे ही घटना होती, हे शाळेत शिकवत नाहीत.

इंग्रजी अमदानीत दाभोळपर्यंत आगबोटी येत, तिथून पडाव आणि मचवे भरतीबरोबर गोवळकोटच्या धक्क्याला लागत. मुंबईहून मीठ, कापड, लोखंडी सामान यायचे, ते बैलगाड्यांनी कुंभार्ली चढून कराडला जायचे. उलट बाजूने घाटावरचा गूळ, धान्य, कापूस उतरायचा. पुढे रेल्वे घाटावर पुणे-मिरज अशी गेली आणि व्यापार तिकडे वळला. आपल्याकडे कोकण रेल्वे पूर्ण व्हायला २६ जानेवारी १९९८ उजाडावे लागले. म्हणजे शंभरेक वर्षे आपण दोन्हीकडून बाजूला पडलो होतो. पण त्याच बंदराच्या पैशातून या गावाला वाचायची सवय लागली असे माझे मत आहे. १८६४ साली इथे वाचनालय निघाले, तेच आजचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर. २०१३ च्या जानेवारीत शहाऐंशीवे साहित्य संमेलन इथे भरले. तालुक्याच्या गावात! आपल्या सोसायटीतल्या तिघी-चौघी तेव्हा स्वयंसेवक होत्या, त्या समोर बसल्या आहेत.

आता कोयना. हा भाग जरा हळू ऐका, कारण आपली आजची नदी ही पूर्णपणे निसर्गाची नदी राहिलेली नाही.

कोयना नदी सह्याद्रीच्या पलीकडची, ती कृष्णेला मिळते. तिच्यावर धरण बांधले, पाण्याचा मोठा वाटा डोंगर पोखरून बोगद्यांनी पश्चिमेला वळवला, पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून खाली सोडला, पुढे कोळकेवाडीच्या धरणातून पुन्हा वीज काढली, आणि शेवटी ते सगळे पाणी वाशिष्ठीत. १९६२ पासून हे चालू आहे. कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी मंजूर केले. टीएमसी म्हटले की कोणाला काही कळत नाही, म्हणून मी कागदावर हिशेब केला. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. साडेसदुसष्टने गुणा, ३६५ ने भागा. दिवसाला सरासरी सव्वापाचशे कोटी लिटर. जे पाणी बंगालच्या उपसागराला जायचे ते आपल्या दारावरून अरबी समुद्राला जाते. कोकणातल्या बाकीच्या नद्या मार्चला खडखडीत होतात, वाशिष्ठी मे महिन्यातही भरलेली असते ती यामुळे. तिच्यातल्या मगरींची मजा आहे! आणि तरीही याच तालुक्यातल्या डोंगरवाड्यांना एप्रिलमध्ये टँकर लागतो, कारण वाडी वर आणि पाणी खाली. यावर मला फार बोलता येईल, पण दूध आटेल.

कोयनेचे दुसरे देणे ११ डिसेंबर १९६७ चे. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी. मी सतरा वर्षांचा होतो. फळीवरची तांब्या-पितळेची भांडी एकामागून एक खाली आली, तो आवाज अजून कानात आहे. घाटापलीकडे कोयनानगरात माणसे गेली. आम्ही पुढचे कितीतरी दिवस अंगणात झोपलो, डिसेंबरच्या थंडीत.

मग पूर. २६ जुलै २००५ ला मी नोकरीत होतो. शाखा बाजारपेठेच्या भागात. पाणी ओसरल्यावर आम्ही कर्जाची कागदपत्रे दोऱ्यांवर वाळत घातली होती आणि नोटा पंख्याखाली पसरल्या होत्या. लॉकर उघडले तेव्हा सोने जसेच्या तसे होते, पण लोकांनी आत ठेवलेली खरेदीखते आणि मृत्युपत्रे यांचा लगदा झाला होता. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, लॉकरमधला कागद प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड दोनदा दुमडून.

२२ जुलै २०२१ तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. आषाढी एकादशी नुकतीच झालेली, पौर्णिमा तोंडावर, म्हणजे उधाणाचे दिवस. रात्रभर पाऊस. पहाटे पाणी शिरले ते आपल्या स्टिल्टमधून वर चढत पहिल्या मजल्यावर गुडघाभर आले. मीटर रूम गेली, पंप गेला, चौतीस दुचाक्या आणि अकरा गाड्या गेल्या. मागच्या बैठ्या घरांतली एकोणीस माणसे आपल्या दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात होती. ए विंगच्या वहिनींनी स्टोव्हवर पिठले-भात केला, कारण सिलेंडर खाली तरंगत होते. महामार्गावरचा वाशिष्ठीचा जुना पूल खचला. वाचनालयाची हजारो पुस्तके गेली. ज्यांची माणसे गेली त्यांच्याबद्दल इथे बोलत नाही.

पूर का आला यावर गावात अजून वाद आहे. कोळकेवाडीचे पाणी किती, पावसाचे किती, यावर दोन चिपळूणकर एकमत होत नाहीत. पण चार गोष्टी कोणी नाकारत नाही. पाऊस प्रचंड होता. भरतीने खालचे दार लावले होते. पात्रात गाळ साचून बेटे झाली होती, जुवाड बेट तुम्ही पाहिले असेल. आणि पुराचे पाणी ज्या खाजणांत, शेतांत पसरायचे तिथे भराव घालून इमारती उभ्या राहिल्या. त्यात आपलीही एक आहे, हे विसरू नका. पुरानंतर गावकऱ्यांनी साखळी उपोषण केले, मग गाळ निघायला लागला. हे काम एकदा करून संपणारे नाही. घाटातली झाडे तुटतात तोवर गाळ येतच राहणार.

त्यानंतर निळी आणि लाल रेषा आली. पंचवीस वर्षांत एकदा येईल असा पूर जिथवर पोहोचतो ती निळी, शंभर वर्षांतला एक जिथवर येतो ती लाल. निळीच्या आत नवे बांधकाम नाही, दोन्हींच्या मधे अटी. जागांचे भाव पडले म्हणून लोक चिडले, ते स्वाभाविक आहे, माझाही फ्लॅट त्यातच आहे. पण लोक एक गोष्ट उलटी धरतात. पंचवीस वर्षांत एकदा म्हणजे २०२१ ला येऊन गेला, आता २०४६ पर्यंत निवांत, असे नव्हे. दर वर्षी चार टक्के शक्यता. हा हिशेब चक्रवाढीसारखा करा: पुढच्या पंचवीस वर्षांत निदान एकदा पाणी येण्याची शक्यता चौसष्ट टक्के येते. लाल रेषेसाठी बावीस टक्के. चौसष्ट टक्के बुडण्याची शक्यता असलेले कर्ज मी कधी मंजूर केले नसते.

म्हणून सभेतल्या त्या विषयाबद्दल. स्टिल्टमधले चार गाळे भिंती घालून बंद करायचे आणि भाड्याने द्यायचे, असा प्रस्ताव आहे. मांडणारी मुले आपलीच आहेत, हेतू चांगला आहे, देखभाल निधी तुटीत आहे हे मलाही ठाऊक आहे. आठ हजार प्रमाणे चार गाळ्यांचे वर्षाला तीन लाख चौऱ्याऐंशी हजार. रक्कम लहान नाही. पण २०२१ ला आपली इमारत उभी राहिली ती खालचे खांब मोकळे होते म्हणून, पाणी इकडून आले आणि तिकडून गेले. शेजारची कंपाऊंडची भिंत आठवा, अख्खी आडवी झाली होती. भिंत पाण्याला अडवते आणि त्याचा सगळा दाब खांबांवर आणते. शिवाय मंजूर नकाशात तिथे पार्किंग आहे, आणि गाळ्यात दुकान थाटणाऱ्याचा माल बुडाला तर त्याचे काय, हा प्रश्न उरतोच. माझे मत विरोधात जाईल. तुम्ही आपले ठरवा. तूट भरायला दुसरा मार्ग म्हणून मी गच्चीवरच्या सौर पॅनलचा खर्च आणि वीजबिलातली बचत काढून ठेवली आहे, कागद नोटीस बोर्डावर लावतो.

आणखी दोन कामे सुचवतो, खर्च नाममात्र. ए विंगच्या पहिल्या खांबावर २०२१ ची पातळी ऑइलपेंटने रेघ मारून तारखेसह लिहावी. नवीन भाडेकरू आला की त्याला करार द्यायच्या आधी ती रेघ दाखवावी. आणि जून ते सप्टेंबर उधाणाच्या तारखा बोर्डावर लावाव्यात, त्या रात्री गाड्या पागेच्या चढावर न्याव्यात. पंचांग माझ्याकडे आहे.

येत्या रविवारी सकाळी सुकती आहे. गोवळकोटच्या धक्क्यावर मुलांना घेऊन जायचा विचार आहे, करंजेश्वरीचे दर्शन घेऊन वर गडावर. ज्यांना यायचे त्यांनी उद्या संध्याकाळपर्यंत सेक्रेटरींकडे नावे द्यावीत, म्हणजे रिक्षा सांगता येतील. चांगले बूट घालून येऊ नका, धक्क्याजवळ चिखल असतो. आणि पाण्याच्या अगदी कडेला कोणी बसायचे नाही, मगरी फोटोसाठी थांबत नाहीत.

दूध झाले वाटते.