छर्‍याची बंदूक हातात कशी आली



आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. हसा. बी-बियाणं, हिमोग्लोबिन, बँकेचा हप्ता यावर आपण नेहमी बोलतो. आज छर्‍याच्या बंदुकीविषयी बोलू. हिलाच एअरगन म्हणतात. हिच्यात दारू नसते, काडतूस नसतं. सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं दाबून धरा आणि दांडा जोरात रेटा. बोटाला जो धक्का बसतो ना, त्याच धक्क्यावर ही बंदूक चालते. जुन्या पद्धतीच्या बंदुकीत नळी मोडून खाली दाबली की आतली स्प्रिंग आवळली जाते. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, हवा दाबली जाते आणि छर्रा बाहेर पडतो. छर्रा शिशाचा, साडेचार मिलिमीटरचा, कमरेत बारीक, बघितला तर इवलासा डमरूच.

हा विषय घ्यायचं कारण आमच्याच भागातलं आहे, ते पुढे सांगू. आधी आम्ही काय केलं ते ऐका. पाच गावांतल्या गटांमध्ये आम्ही एकच प्रश्न विचारला : ही बंदूक तुम्ही पहिल्यांदा कधी पाहिली आणि पहिल्यांदा हातात कधी धरली?

पाहिली म्हणणाऱ्या पुष्कळ निघाल्या. कुणाच्या मामाकडे होती, कुणाच्या दिराकडे. मक्यावर, ज्वारीवर पाखरं बसली की काढायची, एरवी खुंटीला. आणि घरातली पोरं आधी गलोल, मग ही बंदूक, अशी शिकत गेली. झाडावरची चिंच पाड, पत्र्याचा डबा उडव. पोरांना कुणी मुद्दाम शिकवलं नाही, पण कुणी हातातून काढूनही घेतली नाही. मुलींचं तसं नव्हतं. मुलगी खुंटीकडे गेली की मागून हाक यायचीच, "तू काय करतीस तिकडं?"

हातात धरली म्हणणाऱ्या मोजक्या, आणि त्या जवळपास सगळ्या एकाच जागी. जत्रेत. लाकडी फळीवर फुगे लावलेले, पुढे बाकावर दोन बंदुका, आणि लेकराच्या हट्टापायी आपण तिथं थांबलेलो. लेकराला बंदूक पेलत नाही म्हणून आईनं धरली, आणि चार फुगे आईनंच फोडले.

आम्ही यंदा एका जत्रेत असा गाडा चालवणाऱ्या बाईंशी बोललो. सकाळपासून रात्रीपर्यंत नळी मोडायची, छर्रा घालायचा, गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. किती वेळा, हे त्यांनी मोजलेलं नाही. तळहाताला घट्टा पडलाय. आम्ही विचारलं, तुम्हाला नेम येतो का? त्या म्हणाल्या, "आजवर कुणी इचारलंच न्हाई." मग आमच्यासमोर त्यांनी सहा फुगे फोडले, सहा छर्‍यांत. त्यांच्या त्या बंदुकीचा मार डावीकडे जातो, हे त्यांना पाठ आहे. "हिला उजवीकडं धरायची," एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. नेम म्हणजे आणखी काय असतं? आपल्या हत्याराची खोड ओळखून हात तेवढा वळवणं. ते त्यांना येत होतं, पण त्याला खेळ म्हणतात, त्याच्या स्पर्धा असतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

आता थोडं त्या स्पर्धेविषयी. ऑलिंपिकमध्ये हवेच्या रायफलीची आणि हवेच्या पिस्तुलाची स्पर्धा दहा मीटरवरून होते. दहा मीटर म्हणजे आपल्या शाळेच्या व्हरांड्याएवढी लांबी. रायफलीच्या निशाणावर मधला दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. टाचणीनं कागदाला टोचा, तेवढा. पंचाहत्तर मिनिटांत साठ छर्रे मारायचे. २०१८ पर्यंत बायकांना चाळीस आणि पुरुषांना साठ होते, आता दोघांना सारखेच. पिस्तूल एका हातानं, हात लांब करून धरायचं असतं. रायफल साडेपाच किलोपर्यंत वजनाची चालते. पळायचं नाही, उडी मारायची नाही. उभं राहायचं, श्वास आवरायचा आणि चाप हळूच दाबायचा. डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढलेल्या बाईला तोल म्हणजे काय, हे वेगळं शिकवावं लागत नाही, असं आमचं मत. तज्ज्ञ हसतील, हसोत.

या खेळात नाव काढलेल्या बायकांपैकी काहींची सुरुवात कशी झाली, ते आम्ही शोधलं. मुंबईच्या अंजली भागवत कॉलेजात एनसीसीत होत्या. तिथून रायफलीशी ओळख झाली. १९८८ साली राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या आणि रौप्यपदक घेऊन आल्या. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये हवेच्या रायफलीच्या अंतिम फेरीत पोचल्या. नेमबाजीत इथवर पोचलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २००६ साली मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत हवेच्या रायफलीत सोनं घेतलं. २०१० साली म्युनिकला त्या पन्नास मीटरमध्ये जगज्जेत्या झाल्या, ती रायफल मात्र काडतुसाची. आणि त्यांच्याच शाळेतली राही सरनोबत. तिला नेमबाजीची ओळख एनसीसीतून झाली, आणि आपल्या शाळेतल्या ताईनं मेलबर्नला सोनं मिळवलंय हे पाहून तिनं मनावर घेतलं. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत राहीनं पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्णपदक घेतलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सोनं मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. एका शाळेतून दोघी. यात कोल्हापूरच्या पाण्याचा गुण असेलही, पण शाळेत एनसीसी होती आणि पुढे एक ताई दिसत होती, हे आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं.

राजस्थानातल्या जयपूरच्या अवनी लेखराची वाट आणखी निराळी. २०१२ साली मोटार अपघातात तिच्या मणक्याला इजा झाली, कमरेखालचं शरीर निकामी झालं. पोरगी खचू नये म्हणून २०१५ साली वडील तिला नेमबाजीच्या ठिकाणी घेऊन गेले. टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये चाकाच्या खुर्चीत बसून तिनं हवेच्या रायफलीचं सुवर्णपदक जिंकलं, आणि २०२४ साली पॅरिसला पुन्हा.

पण आमच्या सगळ्याजणींच्या मनात बसली ती जोहडीची आजी. उत्तर प्रदेशात बागपत जिल्ह्यात जोहडी नावाचं गाव आहे. उसाचा मुलूख. बायका डोक्यावरून पदर पुढे ओढून राहणाऱ्या. या गावात नेमबाजी शिकवणं सुरू झालं. १९९९ साली चंद्रो तोमर आपल्या नातीला तिथं घेऊन गेल्या. नातीला शिकायचं होतं, पण एकटी जायला ती बुजत होती, म्हणून आजी सोबत. तेव्हा आजींचं वय पासष्टच्या पुढे. नात घाबरत होती म्हणून आजीनं पिस्तूल हातात घेतलं, बघ, असं काही नसतं, हे दाखवायला. नेम बरोबर मधोमध लागला. शिकवणारे बघतच राहिले, आणि म्हणाले, आजी, तुम्हीही येत जा.

मग आजी जाऊ लागल्या. घरातल्या पुरुषांना न सांगता. हात स्थिर व्हावा म्हणून पाण्यानं भरलेला जग धरून लांब हात करून उभ्या राहायच्या, तेही घरचे झोपल्यावर. गावातले लोक हसायचे. मग त्यांची जाऊ प्रकाशी तोमर याही शिकू लागल्या. दोघी जावा, घागरा-ओढणीत, स्पर्धेला जायच्या आणि पदकं घेऊन यायच्या. प्रकाशीबाईंची मुलगी सीमा तोमर हिनं २०१० साली विश्वचषक स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं. तिची बंदूक मोठी, हवेत उडणाऱ्या मातीच्या चकत्यांवर मारायची. चंद्रो आजी २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनानं गेल्या. त्यांच्यावर 'सांड की आंख' नावाचा हिंदी सिनेमा निघाला आहे, काहीजणींनी पाहिला असेल.

आता आमच्या भागातलं कारण. एका गावच्या शाळेतल्या तीन मुली एनसीसीत आहेत. शिबिरात त्यांचा नेम चांगला पडला, तेव्हा शिकवणाऱ्यांनी सांगितलं, जिल्ह्याच्या ठिकाणी रेंजवर सराव करा. रेंज म्हणजे नेमबाजीच्या सरावाची जागा. बंदूक तिथलीच मिळते, आणि हे मोठंच काम झालं, कारण स्पर्धेची रायफल लाखाच्या वर जाते. एकवीस बायकांच्या गटाची वर्षाची बचत घातली तरी एक यायची नाही. मुलींचं अडलं ते बंदुकीवाचून नाही. रेंज चाळीस किलोमीटरवर. शनिवारी दुपारी जायचं, सराव साडेचारला सुटतो, परतीची एसटी साडेपाचची, आणि ती चुकली तर थेट रात्रीची. घरच्यांचं म्हणणं, बरोबर कोण? बाप रोजावर, भाऊ कंपनीत. एका घरात तर सरळ सांगितलं गेलं, पोरीच्या हातात बंदूक बघून स्थळं येतील का. ज्यांनी हे म्हटलं त्यांच्या खुंटीला मुलाची एअरगन टांगलेली आहे, हे आम्ही बघितलंय, आणि त्यांना बोलूनही दाखवलं.

आमच्या गटानं ठरवलं की बरोबर आम्ही जायचं. पाळी लावली. दर शनिवारी दोघीजणी. तिकिटाचे पैसे गटाच्या फंडातून नाही, जिची पाळी तिनं घालायचे, नाहीतर हिशोबाची भांडणं होतात. जून महिन्यापासून एकही शनिवार चुकलेला नाही, पेरणीतसुद्धा. बेंदराच्या दिवशी तेवढी सुट्टी होती, ती रेंजलाच होती.

तिथं बाकावर बसून आमच्या बायका आधी मेथी निवडायच्या. आता बघतात. शिकवणाऱ्या बाई कडक आहेत, पण त्यांनी एके दिवशी आमच्यातल्या एकीला, वय बावन्न, नातवंडं दोन, विचारलं, "मावशी, मारता का?" मावशींनी आधी पदराला हात पुसले. पाच छर्रे मारले. तीन कागदावर लागले, दोन कुठं गेले ते देवाला ठाऊक. त्या दिवसापासून मावशी दुसऱ्यांच्या पाळ्याही मागून घेतात.

काही गोष्टी आम्ही तिथंच शिकलो, त्या सांगतो, कारण खुंटीला बंदूक असलेली घरं पुष्कळ आहेत. बंदूक भरलेली असो वा रिकामी, भरलेलीच आहे असं समजायचं. नळी कधीही माणसाकडे, जनावराकडे करायची नाही, थट्टेतही नाही. नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवायचं नाही. हवेची आहे म्हणून खेळणं समजू नका, छर्‍यानं डोळा कायमचा जातो. दगडावर, पत्र्यावर मारलेला छर्रा उलटून येतो, म्हणून पत्र्याचा डबा उडवायचा खेळ बंद करा. लेकरं छर्रे तोंडात धरतात, ते अजिबात चालू देऊ नका. शिसं विषारी असतं, हात साबणानं धुऊनच भाकरीला लावायचे. आणि पाखरं मारायची नाहीत. मोर, पोपट, घार, होला यांना मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

एक प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो, लायसन लागतं का? साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या छर्‍याची आणि वीस ज्यूलपर्यंत जोर असलेली एअरगन असेल तर परवाना लागत नाही. ज्यूल हे जोर मोजायचं माप आहे. त्याच्या वरची असेल तर परवाना लागतो. दुकानदार म्हणतो म्हणून घेऊ नका, पावतीवर दोन्ही आकडे लिहून मागा. आमचा सल्ला असा की विकत घेण्याची घाई करूच नका. आधी रेंजवरची वापरा. ज्यांच्या गावातून मुली जाऊ इच्छितात त्यांनी शाळेत एनसीसी आहे का ते विचारावं, नसेल तर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करावी.

पुढच्या शनिवारी पाळी वरच्या आळीची आहे. एकजण आजारी आहे, तिच्या जागी कुणी येणार असेल तर गुरुवारपर्यंत केंद्रावर निरोप द्यावा. एसटी बाराला थांब्यावर येते, पाच मिनिटं आधी या. आणि मावशींना पुन्हा पाळी द्यायची नाही, असं बैठकीत ठरलंय.