मधली सुटी

शाळेच्या वेळापत्रकांत प्रत्येक तासाला कोणत्या ना कोणत्या विषयाचें नांव असतें. मध्यें एकच चौकोन असा असतो कीं, तेथें 'मधली सुटी' एवढे दोन शब्द लिहून शिक्षकवर्ग मोकळा होतो. त्या अर्ध्यापाऊण तासांत मूल जेवतें, भांडतें, मैत्री जोडतें, आणि कित्येकदां भिंतीशीं एकटेंच उभें राहतें. आज मला त्या चौकोनाविषयीं बोलावयाचें आहे.

मी राहतों तें चौल हें अष्टागरांतील जुनें गांव. बंदर म्हणून त्याचें वैभव केव्हांच ओसरलें. आज तें नारळीपोफळींच्या वाड्यांसाठीं ओळखलें जातें. वाड्यांच्या दाटींत शाळेच्या वांट्याला येणारें अंगण बहुधा लहानच. अशा शाळांत माझीं पस्तीस वर्षें गेलीं.

पूर्वीं मुलें सुटींत जेवावयास घरीं धांवत. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं केंद्र सरकारची पोषण आहाराची योजना सुरू झाली, तेव्हां आपल्याकडे मुलांना महिन्याचे तीन किलो तांदूळ घरीं न्यावयास मिळूं लागले. पुढें २८ नोव्हेंबर २००१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शिजविलेलें अन्नच द्यावें असा आदेश दिला आणि शाळांच्या आवारांत चुली पेटल्या. आज पहिली ते पांचवीच्या मुलामागें रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागें १५० ग्रॅम धान्य धरलेलें असतें. २०२१ सालीं योजनेचें नांव बदललें. मुलांच्या तोंडीं मात्र अजून 'खिचडी' हेंच नांव आहे.

शहरांतील श्रोत्यांना या खिचडीचें मोल सहज ध्यानांत येणार नाहीं. आमच्या जिल्ह्यांतील कातकरी कुटुंबें पावसाळा सरला कीं वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर बाहेर पडतात. आजीपाशीं मागें राहिलेल्या मुलांपैकीं कित्येकांना ती थाळी हेंच दिवसाचें पहिलें पोटभर अन्न. तें धक्काबुक्कींत सांडलें, तर संध्याकाळपर्यंत दुसरें नाहीं.

आणि तरीहि मुलें जेवण पांच मिनिटांत उरकतात, निम्में पानांत टाकतात, नळावर ढकलाढकली करतात. आम्ही शिक्षक याचा दोष त्यांच्या वळणाला देतों आणि पंगतींतून ओरडत फिरतों. छडी २००९ च्या कायद्यानें गेली. शिटी तेवढी राहिली.

एका शाळेंत मीं पंधरवडाभर शिटी खिशांत ठेवून नुसतें पाहत राहावयाचें ठरविलें. जें दिसलें तें असें. मैदानाचा एक अलिखित कायदा होता: जो आधीं जाऊन तीन विटा उभ्या करील, मैदान त्याचें. म्हणून सातवींतील चारपांच दांडगीं मुलें घास कोंबून उठत. त्यांना उठलेलें पाहून बाकीचीं उठत. दोन नळ आणि शंभरावर मुलें, तेथें भांडण. मग मैदानाच्या मध्यावर क्रिकेट, आणि मुली व लहान मुलें कडेच्या हातभर पट्टींत चेंडू चुकवीत उभीं. गोंधळाचें मूळ जेवणांत नव्हतेंच. तें मैदानाच्या मालकींत होतें.

मग आम्हीं प्रथम मैदान वांटलें. चुन्याच्या रेघांनीं त्याचे तीन भाग केले आणि कोणता भाग कोणत्या दिवशीं कोणत्या वर्गाचा तें फळ्यावर लिहून टाकलें. चेंडूच्या खेळाला एक भाग, आट्यापाट्या, लंगडी अशा धांवण्याच्या खेळांना दुसरा, आणि सावलीचा कोपरा सागरगोटे, बिट्ट्या, गोष्टीचीं पुस्तकें यांना. आट्यापाट्यांची मी मुद्दाम शिफारस करतों. बाजूला नऊ गडी, साहित्य कांहीं नाहीं, जागा अरुंद असली तरी चालते, आणि दांडगाईपेक्षां चपळाईला मान असल्यामुळें किरकोळ अंगाचें मूलहि तेथें नांव काढतें. दुसरें असें ठरविलें कीं, घंटेनंतर वीस मिनिटें कोणींहि पानावरून उठावयाचें नाहीं. मैदान आपलें म्हणून ठरलेलेंच आहे हें कळल्यावर हा नियम पाळावयास शिटीची गरज पडली नाहीं. आठवड्याभरांत टाकलेल्या अन्नाची बादली अर्ध्यावर आली.

नळाच्या भांडणावर उपाय याहून साधा. लहान वर्ग पांच मिनिटें आधीं सोडावे, आणि तोटीचीं दोनचार पिंपें सकाळींच भरून ठेवावीं.

पंगतीविषयीं मात्र थोडें सविस्तर बोललें पाहिजे. मुलांना मोकळें सोडलें तर तीं आळीआळीनें, म्हणजेच जातीजातीनें बसतात. कोळीवाड्याचीं एकीकडे, वाडीवाल्यांचीं एकीकडे आणि कातकऱ्यांचीं दाराशीं. यावर व्याख्यान देऊन कांहीं होत नाहीं. आम्हीं मोठ्या वर्गांतील एकेका मुलाच्या शेजारीं पहिली-दुसरींतील दोन मुलें नेमून दिलीं आणि चिठ्ठ्या टाकून जागा ठरविल्या. सातवींतील मुलगा शेजारच्या लहानग्याचे हात धुववूं लागला, त्याला पाणी आणून देऊं लागला, आणि मग स्वतः घाईनें गिळणें त्यालाच लाजिरवाणें वाटूं लागलें. वाढण्याचें काम पाळीपाळीनें मुलांकडेच दिलें. आपल्याकडे पंगतीची जुनी रीत आहे, सर्वांना वाढून झाल्याशिवाय कोणी घास उचलीत नाहीं. ती रीत मुलांना घरून ठाऊकच होती.

येथें शिक्षकबंधू विचारतील, आम्हीं जेवावयाचें केव्हां? प्रश्न रास्त आहे. धान्याची नोंद, चव पाहणें, उपस्थितीचे आंकडे, हें सारें त्यांच्याच माथीं असतें. दोन शिक्षकांच्या शाळेंत तर ही शिक्षाच होते. मोठ्या शाळेंत दोघांनीं पाळीनें आपला डबा घेऊन पंगतींतच बसावें एवढेंच मी सुचवितों. शेजारीं बसून जेवणाऱ्या गुरुजींसमोर मुलें हळू बोलतात, असा माझा अनुभव आहे.

मात्र व्यवस्था येथेंच थांबावी. खेळ कोणता, गडी कोण, बाद कोण, हें मुलांनींच ठरवावें. कांहीं उत्साही मंडळी सुटींतहि कवायत बसवितात. ती सुटी नव्हे, तो आणखी एक तास झाला. दहा मिनिटें 'बाद' कीं 'नाबाद' यावर वाद घालून शेवटीं आपसांत तोड काढणारीं मुलें वेळ फुकट घालवितात असें मला कधींच वाटलें नाहीं. पावसाळ्यांत अंगणावर शेवाळ धरतें, तेव्हां व्हरांड्यांत खडूनें वाघबकरीचे पट आंखून द्यावे आणि एका वर्गांत भेंड्या लावाव्या. आवाज होईल, तो होऊं द्यावा.

शहरांतील शाळांची अडचण निराळी. क्रीडांगण असावें असें २००९ चा कायदा म्हणतो, पण कित्येक ठिकाणीं त्या जागेवर मोटारी उभ्या असतात, आणि दोन पाळ्यांच्या शाळेंत सुटी वीस मिनिटांवर येते. त्यांतही गृहपाठ राहिला म्हणून मुलाची सुटी कापतात. ही शिक्षा मला सर्वांत अनुचित वाटते. पालकसभेंत गुणांची चौकशी होतेच. सुटी किती मिनिटांची आणि मैदान कोणाच्या ताब्यांत, हेंहि एकदां विचारावें.

आणि घरच्या डब्याविषयीं मातापित्यांना एक विनंति. डबा भरण्यापूर्वीं त्याचें झांकण मुलाकडून उघडवून पाहावें. पहिलींतील मुलांचे घट्ट बसलेले डबे उघडून देण्यांत माझीं रोजचीं दहा मिनिटें जात, आणि जें मूल संकोचानें मागत नसे, त्याचा डबा तसाच घरीं परत जाई.