आजोबांची वही आणि वापराच्या अटी

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



बडोद्यात तीन-चार पिढ्या काढलेल्या आपल्या घरांतून काय काय निघतं, हे तुम्हाला सांगायला नको. माळ्यावरची ट्रंक उघडली की मोडीतले हिशेब, फोटो, पत्रांची चवड, गायकवाडी नोकरीच्या आठवणींची आजोबांची वही. हल्ली आपली मुलं-सुना हे सगळं स्कॅन करून स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण खाली एकच ओळ असते, 'सर्व हक्क स्वाधीन'. नाहीतर एखाद्या कंपनीकडून उचललेला चार पानी इंग्रजी मजकूर, ज्यात 'आमची सेवा', 'परतावा' असले शब्द. आजोबांच्या वहीला परतावा कसला द्यायचा?

ती ओळ लिहिल्यानं हक्क मिळत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मजकूर लिहिला की हक्क निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. लेखक गेल्यावर साठ वर्षं तो वारसांकडे राहतो. त्यातही एक मेख आहे. वही हयातीत प्रसिद्धच झाली नसेल, तर साठ वर्षं पहिल्या प्रसिद्धीनंतर मोजतात. म्हणजे २०२५ साली लोकांसमोर ठेवलेली वही २०८५ सरेपर्यंत बांधलेली!

आता २०६० सालचा विचार करा. जुन्या बडोद्यावर अभ्यास करणाऱ्या एखाद्या मुलीला त्या वहीतली दहा पानं पुस्तकात घ्यायची आहेत. ती विचारणार कोणाला? तुम्ही-मी नसू. नातू ऑस्ट्रेलियात, पणतूला मराठी वाचता येत नाही, दिलेला फोन कधीच बंद. मुलगी सरळ असेल तर पानं वगळेल. ज्याला उचलायचीच आहेत, तो 'स्वाधीन' वाचून थांबत नाही.

म्हणून अटी लिहायच्या, पण त्याआधी आपलं काय आहे ते पाहायचं. आजोबांना आलेली पत्रं तुमच्या ट्रंकेत असली, तरी त्यातला मजकूर पाठवणाऱ्याचा. पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा. पुरणपोळीची रीत कोणाच्याच मालकीची नाही. आजीनं ती ज्या शब्दांत लिहिली ते शब्द मात्र तिचे. पु. ल. २००० साली गेले, त्यांचे उतारे वापरायची परवानगी आपण कुणाला देऊ शकत नाही. उलट ग्वाल्हेरचे राजकवी तांबे १९४१ साली गेले. त्यांच्या हयातीत छापलेल्या कविता आज सगळ्यांच्या आहेत, त्याखाली 'आमचे हक्क' लिहिणं शोभत नाही. आणि आजोबांचे वारस तुम्ही एकटे नसाल, तर पुण्याच्या आत्याची आणि काकांच्या मुलांची संमती आत्ताच लेखी घ्या. कायदाही परवानगी लेखीच मागतो.

मग साध्या मराठीत लिहा. नमुना वाचून दाखवतो:

'ही वही आमच्या आजोबांनी लिहिली. तिचे हक्क आम्हा तिघा भावंडांकडे आहेत. ती कोणीही वाचावी, उतरवून घ्यावी, अभ्यासासाठी वापरावी. लेखात, पुस्तकात किंवा स्मरणिकेत वीस पानांपर्यंत छापण्यास परवानगी आहे. आजोबांचे नाव द्यावे, शब्द बदलू नयेत. पूर्ण वही छापायची असल्यास खालील दोन पत्त्यांवर लिहून विचारावे. तीन महिन्यांत उत्तर न आल्यास परवानगी आहे असे समजावे. घरातील हयात माणसांचे फोटो मात्र विचारल्याशिवाय घेऊ नयेत.'

तीन महिन्यांचं ते वाक्य पुष्कळांना धाडसी वाटतं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच. त्या मुलीची वाट त्यामुळे मोकळी होते.

'व्यावसायिक वापर करू नये' असं मोघम लिहू नका. आपल्याच स्मरणिकेत जाहिराती आहेत. मग ती व्यावसायिक की नाही? दोन वकील दोन उत्तरं देतील. जाहिराती चालतील, विक्रीचं पुस्तक चालणार नाही, असं जे मनात आहे तेच कागदावर आणा. तसंच 'एक ओळही घेऊ नये' असं धमकावू नका. खाजगी अभ्यास, टीका, परीक्षण यांसाठी वाजवी उतारा घ्यायला कायद्यानंच मुभा आहे.

हे सगळं स्वतः लिहायचं नसेल, तर क्रिएटिव्ह कॉमन्सचे तयार परवाने २००२ पासून आहेत, फुकट आहेत. पण एकदा दिलेली ती परवानगी मागे घेता येत नाही, तेव्हा कोणता परवाना घेता ते नीट वाचून ठरवा. तुमच्या स्वतःच्या अटी असतील तर खाली तारीख घाला आणि पुढे बदल झाले तरी आधी घेतलेल्या मजकुराला जुन्याच अटी लागू राहतील, असं लिहा. नाहीतर छापून झालेल्या पुस्तकावरून भांडण व्हायचं.

शेवटचं, भाषेचं. आपली मुलं घरात मराठी बोलतात, पण वाचतात गुजराती किंवा इंग्रजी. अटी तिन्ही भाषांत द्या आणि तिन्हींत फरक आढळल्यास मराठी मजकूर प्रमाण, एवढी एक ओळ तिन्ही ठिकाणी घाला.