खोल पाण्यातला जोड



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि आपण ऐकावे, असा परिपाठ आहे. आम्ही विद्वान नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते मोटारी भरण्याच्या दुकानात आणि नंतर वीज कामगारांच्या संघटनेत. त्यामुळे पत्रिकेवर ‘समुद्रतळावरील वेधशाळांचा वीजपुरवठा’ हा विषय वाचून काहींना हसू आले असेल. नगरहून समुद्र दिसत नाही, हे खरे. पण बोअरमध्ये पाण्यातली मोटार सोडणारा आपला शेतकरी या विषयाचे पहिले पुस्तक केव्हाच वाचून बसला आहे.

समुद्रतळावरची वेधशाळा म्हणजे काय? भूकंपमापक, तापमापक, पाण्याचा दाब मोजणारी यंत्रे, कॅमेरे अशी उपकरणे तळावर कायमची ठेवायची आणि किनाऱ्यावरून केबलने त्यांना वीज पुरवायची. जहाज चार दिवस थांबते आणि परत येते. भूकंप जहाजाची वाट पाहत नाही. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ ‘नेपच्यून’ नावाची अशी वेधशाळा २००९ साली सुरू झाली. तिची केबल सुमारे ८०० किलोमीटरची आहे. तिच्यातून १०,००० व्होल्ट दाबाने वीज जाते आणि तळावर ती ४०० व्होल्टवर उतरवतात.

इतका दाब कशाला? डीपी एका टोकाला आणि विहीर दुसऱ्या टोकाला असली की मोटार नुसती घूं घूं करते, हे आपण पाहतोच. तारेत दाब खर्ची पडतो. तीच शक्ती दहापट दाबाने पाठवली तर प्रवाह एकदशांश होतो आणि तारेतली नासाडी एकशतांशावर येते. शिवाय ही वीज एकदिश असते. घारापुरी बेटाला फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून वीज मिळाली, ती केबल सुमारे साडेसात किलोमीटरची. तेवढ्या अंतराला आपली नेहमीची उलटसुलट वाहणारी वीज चालते. पण शेकडो किलोमीटरांची केबल पाण्यात स्वतःच एक भलामोठा कंडेन्सर होऊन बसते. तिला भरण्या-रिकामे करण्यातच प्रवाह संपतो, पलीकडे काय पोहोचणार? एकदिश विजेला ही अडचण नाही. परतीची तारदेखील लागत नाही. तळावरून प्रवाह समुद्राच्या पाण्यातूनच परत येतो.

हे झाले गणित. खरी परीक्षा असते ती जोडाची. कॅलिफोर्नियात माँटेरे उपसागराच्या तळाशी ८९१ मीटर खोलीवर ‘मार्स’ नावाची वेधशाळा आहे. त्या खोलीवर प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे ९० किलोचा भार. अंगठ्याच्या नखावर ज्वारीचे पोते ठेवावे तसा. २००८ च्या आरंभी तिच्यात वीज सोडली आणि थोड्याच वेळात ती बंद पडली. एका जोडणीत पाणी शिरले होते. नामवंत शास्त्रज्ञ, उत्तम यंत्रे, मुबलक पैसा आणि दगा दिला तो एका जोडाने! यंत्र जहाजावर ओढून घ्यावे लागले. वेधशाळा चालू झाली ती नोव्हेंबरमध्ये.

हे वाचले तेव्हा आम्हांला आमची विशी आठवली. एका गावी दोनशे फूट बोअरमध्ये मोटार सोडायची होती. पावसाची भुरभुर सुरू होती. आमचा जोडीदार म्हणाला, “केबलचा जोड ओला आहे. वाळू द्या, मग टेप मारतो.” दुकानाचे मालक म्हणाले, “अंधार पडतोय, सोड खाली.” मोटार खाली गेली आणि तिसऱ्या दिवशी जळाली. घोडा उभा करून चेनकुप्पीने सगळे पाइप वर काढले, तर जोडात पाणी. शेतकऱ्याचा कांदा वाळला. जोडीदाराचा पगार कापला गेला आणि कामही गेले. तो थांबा म्हणाला होता, हे आम्ही कानांनी ऐकले होते. तरी आम्ही गप्प बसलो. पुढे संघटनेत आलो त्याचे मूळ शोधायला गेले तर त्या गप्प बसण्यात सापडेल.

आता एक हिशेब करा. शंभर जोड आहेत आणि प्रत्येक जोड शंभरातून नव्व्याण्णव वेळा टिकणारा आहे. आपण म्हणू, उत्तम काम! पण शंभरच्या शंभर टिकण्याची शक्यता शंभरात केवळ सदतीस. म्हणून समुद्राखालची वीज आखणारा माणूस ‘बिघाड होणार नाही’ असे म्हणत नाही. ‘बिघाड कोठेतरी होणारच, मग काय?’ असे विचारतो. केबल वर्तुळाकार टाकतात, म्हणजे एक बाजू तुटली तर दुसरीकडून वीज येते. बिघडलेला भाग किनाऱ्यावरून अलग करता येतो. जपानची ‘डोनेट’ ही भूकंपवेधशाळा २०११ साली पूर्ण झाली. तिच्यात दाबाऐवजी प्रवाहच स्थिर ठेवतात, त्यामुळे एके ठिकाणी केबल समुद्राला टेकली तरी उरलेली यंत्रे चालू राहू शकतात. आणि जे किनाऱ्यावर ठेवता येईल ते पाण्यात कधीच घालत नाहीत.

याचा नगरला काय उपयोग, असे कोणी विचारील. आपल्या देशाने २०१४ साली उत्तर ध्रुवाजवळ, स्वालबार्डच्या एका खाडीत, ‘इंडआर्क’ नावाची वेधशाळा पाण्यात सोडली. तिच्यामागे असलेल्या संस्थांपैकी एक आपल्या शेजारी, गोव्यात आहे. तेथे केबल नाही, बॅटऱ्यांवरच भागवावे लागते. तिकडच्या हवामानाचा आपल्या मोसमी पावसाशी काय संबंध, हे जाणणे हा तिचा एक हेतू. अवर्षणाने पोळलेल्या जिल्ह्याला पावसाची विद्या परकी कशी असेल?

पण आम्हांला सांगायचे आहे ते निराळेच. वर्तुळ आखता येते, दाब ठरवता येतो. जोड मात्र कोणाच्या तरी बोटांनीच होतो. त्या बोटांच्या मालकाला ‘थांबा, हा जोड पक्का नाही’ असे म्हणण्याचा अधिकार नसेल, आणि म्हटल्यास पोटावर पाय येत असेल, तर दहा कोटींची यंत्रणाही ओल्या टेपवर उभी आहे असे समजा. विश्वासाची वीज हवी असेल तर कामगाराच्या नकाराला किंमत असली पाहिजे.

वळवाचे दिवस जवळ आले आहेत. एखाद्या संध्याकाळी वारा सुटेल, दिवे जातील, आणि आपल्यापैकी कोणीतरी फोनवर ओरडेल, “अजून किती वेळ?” त्या वेळी खांबाखाली भिजत एक वायरमन उभा असेल. ‘परमिट मिळाल्याशिवाय चढणार नाही’ असे तो म्हणत असेल. त्याला दहा मिनिटे द्या. एकदा आम्ही एकाला ती दिली नव्हती.