रिकामे राखायचे धरण

श्रोतेहो, धरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते ते तुडुंब भरलेले पाणी. धरण भरले की गावची मंडळी वाजतगाजत जातात, नारळ वाहतात, ओटी भरतात. ज्या मुलखाने दुष्काळ पाहिला, त्याला हा आनंद व्हायचाच. पण आज ज्या धरणाची गोष्ट सांगायची आहे, त्याची तऱ्हा उलटी आहे. ते भरलेले दिसले की राखणाऱ्याने समजावे, आता डोळ्यांत तेल घालून जागायचे. हे आहे पूर अडवण्यासाठी ओढ्यावर बांधलेले मातीचे छोटे धरण. पाणी साठवणे हे त्याचे मुख्य काम नव्हे. पाण्याला चार दिवस थोपवून धरणे, हे त्याचे काम.

अशा धरणांची मोठी शाळा अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात भरली. तिथे वॉशिटा नावाची नदी आहे. मुलूख तांबड्या मातीचा. गवताळ रान नांगरून शेते केली, आणि पाऊस अडवायला वर काहीच उरले नाही. एप्रिल १९३४ मध्ये हॅमन गावाच्या परिसरात काही तासांत सुमारे १४ इंच पाऊस कोसळला. त्या पुरात १७ माणसे गेली. खालच्या शेतांवर रेतीचे आणि गाळाचे थर बसले.

आता कोणी म्हणेल, मोठ्या नदीवर मोठे धरण बांधावे, म्हणजे झाले! पण मंडळी, मोठे धरण आपल्या खालच्या गावांना वाचवते. वरच्या अंगाला, ओढ्याकाठी ज्याचे शेत आहे, त्याला त्याचा काय उपयोग? पूर काही नदीत जन्मत नाही. तो शेताशेतातून निघतो, ओढ्याओढ्यातून जमतो आणि मग नदीत उतरतो. तेव्हा त्याला घराजवळच अडवावा, असा विचार पुढे आला. १९४४ च्या कायद्याने अकरा नद्यांची खोरी या कामासाठी निवडली, त्यांत वॉशिटा होती. १९४८ मध्ये क्लाउड क्रीक नावाच्या ओढ्यावर या तऱ्हेचे पहिले धरण उभे राहिले. पुढे १९५४ मध्ये आणखी एक कायदा झाला, आणि होता होता त्या देशात अशी ११ हजारांवर धरणे झाली. एकट्या ओक्लाहोमात दोन हजारांहून जास्त आहेत.

या धरणाची रचना अगदी साधी. ओढ्यावर आडवा मातीचा भराव, चांगला दाबून बसवलेला. आत पाण्याच्या बाजूला एक उभी मोरी, आणि तिला जोडून भरावाखालून पलीकडे गेलेला नळ. मोरीच्या तोंडाखाली थोडे पाणी राहते. ती जागा गाळासाठी सोडलेली. त्यावरची सारी जागा रिकामी, पुराची वाट पाहणारी. पूर आला की ती भरते आणि नळातून पाणी बेताबेताने खाली जाते. पुराचा लोंढा एकदम न येता काही दिवसांत वाटून येतो. आणि पूर फारच मोठा असला, तर भरावाच्या कडेला गवत लावलेला रुंद सांडवा असतो. जास्तीचे पाणी त्यातून निघून जाते.

गुरुजी मंडळींनी हे वर्गात करून दाखवावे. एका डब्याला तळाशी बारीक भोक पाडा आणि तांब्याभर पाणी एकदम ओता. खाली धार बारीकच पडेल. आता डबा आधीच काठोकाठ भरून पुन्हा पाणी ओता. सारे पाणी काठावरून सांडेल. भरलेले धरण पूर अडवत नाही, हे मुलांना मग वेगळे सांगावे लागणार नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी. १९५४ च्या कायद्यात अट होती की, धरणाच्या वरच्या बाजूच्या निदान निम्म्या जमिनीच्या मालकांनी मृद्‌संधारणाची कामे करण्याचे करार करून द्यावेत. का बरे? वरची माती सुटली तर ती धरणात येऊन बसणार, आणि पुराची जागा गाळ खाणार. म्हणजे आधी शेतातली ताल, मग ओढ्यावरचे धरण.

मातीच्या धरणाला शत्रू दोन. एक, माथ्यावरून वाहणारे पाणी. ते भराव कापीत जाते. दुसरा, पोटातून झिरपणारे पाणी; ते कणाकणाने माती घेऊन जाते आणि आतून बोगदा करते. भरावावर झाड वाढू दिले की त्याची मुळे वाट करून देतात. बिळे करणारी जनावरे तेच करतात. स्वच्छ पाझर थोडा असला तर त्यावर नजर ठेवावी. पण गढूळ पाझर दिसला की समजावे, धरणाची माती चालली. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये.

ओक्लाहोमातली पुष्कळ धरणे ५० वर्षांच्या हिशेबाने बांधली होती. ती मुदत उलटून गेली. शिवाय पूर येईनासा झाला, तशी लोकांची भीती मोडली. धरणांच्या खाली जिथे शेते होती तिथे घरे झाली. शेत बुडाले तर पीक जाते. घर बुडाले तर माणूस जातो. म्हणून २००० मध्ये या जुन्या धरणांच्या दुरुस्तीसाठी तिथे वेगळा कायदा करावा लागला.

आपल्याकडची धरणे बहुधा साठवणुकीची, पण माती तीच आणि पाणीही तेच. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि पुण्यात हाहाकार झाला. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. खालची घरे वाहून गेली, वीसहून अधिक माणसे दगावली. तिवरे काही फार मोठे धरण नव्हते. धरण लहान म्हणून धोका लहान, असा हिशेब नसतो. खाली कोण राहते, यावर तो ठरतो.

तेव्हा आपल्या शिवारात मातीचा बंधारा, पाझर तलाव किंवा धरण असेल, तर मिरगापूर्वी चार जाणत्या माणसांनी त्यावरून एक फेरी मारावी. सांडवा मोकळा आहे ना? त्यात कोणी बांध घातला नाही ना? भरावावर झुडपे, बिळे, भेगा, खचलेली जागा? पायथ्याशी नवी ओल? दिसेल ते तारखेनिशी लिहून संबंधित कार्यालयात द्यावे आणि पोहोच घ्यावी. आणि पाऊस लागला म्हणजे ही फेरी रोजची करावी.